जांभळं पेनिसेटम की वाळा? फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेसाठी

शोभेचं गवत लावायचं ठरलंय, जागा वाटेच्या कडेची आहे आणि मनात जांभळं गवत आधीच भरलंय, अशा कुणासाठी हे लिहितोय. मी जांभळं पेनिसेटम आणि वाळा (सुगंधी मुळांचं खस गवत) ही दोन्ही लावून पाहिली आहेत, एकाच जागेत, एकाच मातीत. माझा कल कुठे आहे तो वाचता वाचता कळेलच, पण दुसऱ्यावर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेतो.

आमचं घर तळेगाव दाभाड्याला. इथला पाऊस आणि पावसाबरोबरचा वारा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं निम्मं आधीच कळलं असेल. फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादी फरशीची वीसेक फुटांची वाट, रुंदीला जेमतेम तीन फूट. दोन्ही कडांना दीड-दीड फुटाचा मातीचा पट्टा. 2019 च्या पावसाळ्याच्या तोंडावर उरुळी कांचनच्या बाजूच्या एका नर्सरीतून जांभळ्या पेनिसेटमची बावीस रोपं आणली आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा लावली. आज त्या वाटेवर एकही पेनिसेटम नाही. पाच ठोंब मागच्या कोपऱ्यातल्या उंच वाफ्यात आहेत, बाकीचे ओळखीच्यांकडे गेले.

ऊन, पाणी, खत यांच्यावर फार लिहीत नाही. दोघांनाही उघडं ऊन लागतं, पेनिसेटमला बुडात साचलेलं पाणी नको, वाळ्याला ते चालतं आणि जास्त लाड दोघांनाही सोसत नाहीत. पेनिसेटमला सावली मिळाली तर त्याचा जांभळा रंग उतरून मळका हिरवा होतो. वाळा सावलीत नुसताच खुरटतो.

आता देखणेपण. त्यात तुलना नाही, पेनिसेटमच पुढे. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला उन्हाची तिरीप आडवी येते तेव्हा त्या तुऱ्यांचा एकेक केस वेगळा दिसतो. तांबूस, मऊ, मांजराच्या शेपटीसारखे तुरे. वारा आला की सगळी ओळ एका अंगाने कलते आणि परत उभी राहते. पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेला प्रत्येक जण फाटकापाशीच थांबून हे कुठून आणलं म्हणून विचारायचा. वाळ्याला तसं कुणी विचारत नाही. उलट शेजारच्या काकांनी एकदा विचारलं होतं, "अरे, हे बांधावरचं गवत दारात कशाला?"

मग ते का बदललं? एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांतली आहे.

पेनिसेटमचं पान बारीक आणि लवचीक. ते कमानीसारखं बाहेर झुकतं, त्याची सगळी शोभाच त्या झुकण्यात आहे. पण तुऱ्यावरचे केस पाण्याचे थेंब धरून ठेवतात. एकेक तुरा भिजून जड झाला की दांडा वाकतो आणि दिवसभराची झड लागली की अख्खा ठोंब मधून फुटून चारी बाजूंना लोळतो. तीन फुटांच्या वाटेवर दोन्हीकडून गवत आडवं आलं की चालायला फूटभर जागा उरते. आमची आई रोज सकाळी सहाला देवासाठी फुलं काढायला फाटकाजवळच्या जास्वंदीपाशी जाते. पहिल्या पावसाळ्यात ती एवढंच म्हणायची, "पोटऱ्यांपर्यंत लुगडं भिजतं रे रोज." मी सुतळीने ठोंब बांधून दिले. बांधलेलं पेनिसेटम अगदी केरसुणीसारखं दिसतं. ज्या शोभेसाठी लावलं तीच जाते. आणि बांधलं तरी आठवडाभरात वरचं अर्ध पुन्हा लोळायचंच.

खरी गोष्ट मात्र त्या लोळलेल्या गवताच्या खाली चालली होती आणि ती मला दुसऱ्या पावसाळ्यात कळली. गवत फरशीवर पडून राहिलं की खालची फरशी वाळतच नाही. पावसाने चार दिवस उघडीप दिली, बाकीचं अंगण पांढरं पडलं, तरी त्या कडेच्या फरश्या काळ्या-हिरव्या आणि ओल्याच. शेवाळ धरलं होतं आणि वरून गवताचं पांघरूण असल्यामुळे ते कुणाला दिसतच नव्हतं. ऑगस्टमध्ये एका सकाळी आईचा पाय तिथे घसरला. फाटकाचा गज हाताला लागला म्हणून ती पडली नाही. फुलांची परडी मात्र थेट रस्त्यापर्यंत गेली. त्या दिवशी दुपारी मी पाऊस अंगावर घेत त्या बाजूचं गवत जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं कापून टाकलं आणि ब्रशने फरशी घासली. सप्टेंबरात ते पुन्हा फुटून पुन्हा लोळलं.

तेव्हा जून 2021 मध्ये प्रयोग म्हणून फक्त डाव्या बाजूचं पेनिसेटम काढून तिथे वाळा लावला. उजवी बाजू तशीच ठेवली. त्यामुळे एक अख्खा पावसाळा मला दोन्ही समोरासमोर बघता आली. हे काही मोजमाप नव्हे, पण रोज त्याच वाटेने येजा करणाऱ्याला जे दिसतं ते खोटंही नसतं. डावीकडची फरशी उघडिपीच्या दिवशी दुपारपर्यंत वाळायची, उजवीकडची नाही. पुढच्या वर्षी उजवी बाजूही वाळ्याची केली.

वाळा का लोळत नाही ते एक फुटवा हातात घेतला की समजतं. बुडाशी पानं पंख्यासारखी एकावर एक चपटी बसलेली असतात, दाबून पाहिलं तर पुठ्ठ्यासारखी टणक. पान मधोमध दुमडलेलं, शिरेपाशी कडक. ते वर जातं, फक्त टोकाला थोडं वळतं. पावसाचं पाणी पानावरून सरळ बुडाकडे उतरतं. मुळंही आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत तीन-तीन मीटरपर्यंत. म्हणून तर कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी कित्येक पिढ्या बांधावर वाळा राखला आणि 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी माती अडवण्यासाठी त्याचाच पुरस्कार केला. आमच्या वाटेला थोडा उतार आहे. आधी दर पावसाळ्यात पट्ट्यातली माती फरशीवर यायची, ती आता जवळजवळ येत नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं, आपोआप पदरात पडलं.

वाळ्याचे त्रासही सांगायला हवेत. पहिला म्हणजे उंची. मोकळा सोडला तर तो माणसाच्या डोक्याला लागतो आणि वाट बोगद्यासारखी होते. मी वर्षातून तीनदा गुडघ्याएवढा ठेवून कापतो: जूनच्या सुरुवातीला, ऑगस्टअखेर आणि दिवाळी झाल्यावर. दुसरा त्रास म्हणजे पानाची धार. कापताना हातमोजे आणि पूर्ण बाहीचा शर्ट हवाच, नाहीतर रात्री आंघोळीला हात चुरचुरतात. घरात रांगतं मूल असेल तर मी वाळा वाटेवर लावा असं म्हणणार नाही, निदान मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत तरी. तिसरी गोष्ट रंगाची. हिरवा तो हिरवाच. ऑक्टोबराच्या आसपास कुठे कुठे जांभळट तपकिरी तुरा येतो, तोही तुम्ही कापला नसेल तर. आणि कडक थंडीत पानांची टोकं वाळतात. पेनिसेटमही थंडीत मलूल होतं, पण त्याचे वाळलेले तुरेसुद्धा छान दिसतात.

या सगळ्याच्या बदल्यात वाळा जे देतो ते जमिनीखाली आहे. 2024 च्या मे महिन्यात पायरीजवळचा एक ठोंब फार माजला म्हणून काढायला घेतला. कुदळीने जमेना, पहार आणावी लागली. तासाभराने ठोंब एका अंगाला कलला आणि मुळं तुटली तसा वास आला. पहिल्या पावसात तापल्या मातीचा येतो त्याच्या जवळचा, पण जास्त खोल, थोडा धुरकट, थोडा गोडसर. आई आतून उठून बाहेर आली. तिने मुळं टबात चार पाण्यांनी धुतली, सावलीत वाळवली, बोटाएवढी जुडी करून दोऱ्याने बांधली आणि माठात टाकली. तिचं माहेर वर्ध्याकडचं. लहानपणी खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं काम तिच्याकडे असायचं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उरलेली मुळं कपाटात साड्यांमध्ये आहेत, अजून वास येतो. मुळं माठात टाकायची असतील तर त्या पट्ट्यात कुठलंही औषध फवारू नका, आणि ओळीतला मधला ठोंब उपटू नका, खिंडार पडतं. टोकाचा काढावा.

"गवत लावलं की साप येतात का?" हा प्रश्न येतोच, त्यामुळे माझा अनुभव सांगतो. साप गवतासाठी येत नाही, उंदीर-बेडकांसाठी येतो. पेनिसेटम लोळलं की त्याच्याखाली बेडूक असायचेच आणि खाली काय आहे ते दिसायचं नाही. वाळ्याचं बूड उघडं राहतं, बॅटरी मारली की पलीकडची फरशी दिसते. वाळ्याने साप पळतात असं काहीजण म्हणतात. मी एवढंच म्हणेन की पाय कुठे ठेवतोय ते दिसतं, आणि मला तेवढं पुरतं.

पेनिसेटम घ्यायचंच असेल तर एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. जांभळं घ्या, हिरवं घेऊ नका. जांभळ्याला बी जवळपास धरतच नाही, ते फुटवे काढूनच वाढवतात. हिरव्या पेनिसेटमला, म्हणजे फाउंटन ग्रासला मात्र हलकं, वाऱ्यावर उडणारं बी भरपूर येतं. हवाई बेटांवर बागेतून सुटलेल्या या गवताने लाव्ह्याचे डोंगरउतार व्यापले आणि वणव्यांना सरपण पुरवलं. युरोपीय संघाने 2017 मध्ये त्याचं नाव उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. आपल्याकडे सुपे-मोरगावच्या बाजूला चिंकारे चरतात ती माळरानं आधीच कमी होत चालली आहेत. तिथे हे गवत आपल्या बागेतून पोचू नये.

मग कुणी काय लावावं? ज्यांच्याकडे कमी पावसाचा भाग आहे, सोलापूर-नगरकडचा, किंवा गवत वाटेपासून दोन-तीन फूट लांब, उंच वाफ्यात नाहीतर मोठ्या कुंडीत लावायचं आहे, त्यांनी खुशाल पेनिसेटम लावावं. माझे मागच्या कोपऱ्यातले पाच ठोंब पावसात आजही लोळतात, पण कठड्यावरून खाली लोळतात आणि तिथे ते सुंदरच दिसतं. दर फेब्रुवारीत वीतभर ठेवून छाटतो, दोन-तीन वर्षांनी फोडून लावतो. पण मावळ, कोकण, महाबळेश्वरचा उतार अशा ठिकाणी, अरुंद वाटेच्या कडेला, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर मला वाटतं वाळ्याचाच विचार करावा.

गवती चहा का नाही, असंही विचारतात. तो स्वयंपाकघराच्या दाराशी एक ठोंब असावाच. ओळीने लावला तर भर पावसाळ्यात पानांवर तांबेऱ्याचे ठिपके येतात आणि ओळ आजारी दिसते.

वाळा मिळवणं हे थोडं कटकटीचं काम आहे. नर्सरीत वाळा मागितला की कधीकधी गवती चहाच हातात ठेवतात. पान चुरगाळून बघा. लिंबाचा वास आला तर तो वाळा नव्हे. वाळ्याच्या पानाला वास नसतो, सगळा वास मुळात. दुसरं म्हणजे वाळ्यातही बी धरणारा, उत्तरेकडे रानोमाळ वाढणारा प्रकार असतो. आपल्याला दक्षिणेकडचा, बी न धरणारा हवा. तो फक्त फुटव्यांनीच वाढतो, म्हणून रोप म्हणून नव्हे तर कुणाच्या तरी जुन्या ठोंबातून फोडून घेतलेले फुटवे मागा.

लावताना पानं वीतभर आणि मुळं चार बोटं ठेवून छाटायची. दाट कुंपण हवं असेल तर वितीपेक्षा थोडं कमी अंतर ठेवायचं. वेगवेगळे झुपके दिसायला हवे असतील तर दोन फूट. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की लगेच, म्हणजे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावून टाका. पहिले दोन महिने तो काहीच करत नाही असं वाटेल, पानं पिवळीही पडतील. उपटून बघू नका. तो तेव्हा खाली जात असतो.