लोगो बदलला, शिवणकामही बदललं

आपल्याकडच्या एका नावाजलेल्या ब्रँडचं रेनजॅकेट यंदा पावसाळ्यासाठी घेतलं. लोगो बदलल्यानंतरचं हे मॉडेल. त्याच कंपनीचं, भरतकाम केलेल्या लोगोचं जुनं जॅकेट अजून वापरात आहे, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहिली.

जुन्याच्या आतल्या शिवणींवरची, पाणी आत येऊ नये म्हणून लावलेली टेप आजही घट्ट आहे. नव्याची टेप खांद्यावर, नेमकी सॅकचा पट्टा घासतो तिथे, पहिल्याच मोसमात सुटायला लागली. जुन्यात चेनवर कापडाची पट्टी होती. ती नव्यात काढून टाकलीय! गुंजवण्याकडून राजगड चढताना आडवा पाऊस लागला आणि पाणी चेनीतून थेट आत शिरलं. मला याचा खरंच राग आला, कारण या ब्रँडवर आम्हा ट्रेकरांचा जीव आहे. नवं जॅकेट हलकं आहे, काखेतल्या चेनींमुळे घामाचा त्रास कमी होतो, टोपीही नीट बसते, हे मात्र सांगायलाच हवं.

पॅटागोनिया या अमेरिकी आउटडोअर कपड्यांच्या कंपनीने 2021 मध्ये आपल्या कपड्यांवर इतर कंपन्यांचे लोगो लावून देणं थांबवलं. नोकरी बदलली की जुन्या कंपनीच्या लोगोचं जॅकेट कपाटात पडून राहतं, चांगला कपडा वाया जातो. कपडा टिकावा म्हणून लोगोचा विचार करणं मला फार पटतं.

हे मॉडेल घेणार असाल तर दुकानातच जॅकेट उलटं करा आणि खांद्यावरच्या टेपची कड नखाने तपासा. जराही उचलली गेली, तर सेलमध्येसुद्धा घेऊ नका.