जळगावच्या उन्हात ॲल्युमिनियमचे फॉर्मवर्क: एका सात मजली संकुलावरील परीक्षण

जळगाव शहराच्या वेशीवरील एका सात मजली गृहसंकुलाच्या कामावर देखरेख करताना ॲल्युमिनियमचे तयार फॉर्मवर्क, म्हणजे काँक्रीट ओतण्याचे साचे, पहिल्या भिंतीपासून गच्चीच्या स्लॅबपर्यंत जवळून पाहता आले. खानदेशात आजही बहुतेक सेंटरिंग, म्हणजे साच्याचे व टेकूंचे काम, लोखंडी प्लेटा, बल्ल्या आणि जॅक (उंची कमीजास्त करता येणारे लोखंडी टेकू) यांवरच होते, आणि त्यामुळे ही नवी पद्धत घ्यावी का, असे विचारणारे ठेकेदार वारंवार भेटतात. एकच आराखडा मजल्यामागून मजला तसाच येणार असेल, तर हे साहित्य निःसंशय घ्यावे, असे माझे मत आहे. मात्र आपल्याकडच्या उन्हाचा विचार नकाशावरच झाला नाही, तर त्याची किंमत पुढे घरात राहणाऱ्यांना मोजावी लागते.

या पद्धतीत भिंती, बीम आणि स्लॅब एकाच वेळी भरले जातात. साच्याच्या सुट्या तुकड्याचे, म्हणजे पॅनेलचे, वजन चौरस मीटरला साधारण २० ते २५ किलो असल्याने क्रेनची गरज पडत नाही. स्लॅबमध्ये मुद्दाम ठेवलेल्या चौकोनी खिडक्यांतून मजूर ते हातोहात वरच्या मजल्यावर देतात. प्रत्येक पॅनेलला क्रमांक असतो आणि जोड पिन व वेज (पाचर) ठोकून आवळले जातात. जोड घट्ट बसत असल्याने सिमेंटची स्लरी गळत नाही, म्हणून बीमच्या तळाशी हनीकोंब (खडी उघडी पडलेला पोकळ भाग) जवळजवळ दिसला नाही, आणि भिंती ओळंब्यात इतक्या नेमक्या आल्या की आतून जाड प्लास्टरची गरज उरली नाही.

मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट टेकूंची आहे. १२० मिलिमीटर जाडीच्या ओल्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. काँक्रीटकामाच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे स्लॅबखालचे फळीकाम तीन दिवसांनी काढता येते, परंतु टेकू लगेच परत लावावे लागतात, आणि साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ते सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस राहू द्यावे लागतात. प्लेटांच्या कामात हे ‘लगेच’ कागदावरच राहते; प्लेट उतरवायची म्हणून जॅक काढला जातो आणि कोवळा स्लॅब काही काळ निराधार राहतो. ॲल्युमिनियमच्या पद्धतीत टेकूचे डोके स्लॅबला टेकलेले असतानाच बाजूचे पॅनेल सुटते, त्यामुळे आधार क्षणभरही हलत नाही. तरीही एक खबरदारी हवीच. मानकातील ही मुदत साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहे, आणि आपल्याकडे सर्रास वापरले जाते ते राखमिश्रित पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) सावकाश ताकद धरते. म्हणून त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, फोडून पाहिल्याशिवाय टेकू काढण्याची परवानगी मी देत नाही.

पॅनेल कोरे असताना पहिल्या काही मजल्यांच्या भिंतींवर बारीक बुडबुड्यांच्या खुणा उठल्या. काँक्रीटमधील अल्कली कोऱ्या ॲल्युमिनियमशी संयोग पावून हायड्रोजन सोडते, त्याचा हा परिणाम असतो. पॅनेलला आधीच सिमेंटचे पाणी लावून, वाळवून, घासून घेतले तर तो बराच कमी होतो. तेल मात्र याच कामासाठी बनवलेले वापरावे. गॅरेजमधले जळके ऑइल लावले की पृष्ठभाग काळवंडतो आणि पुट्टी धरत नाही.

आता उन्हाचा प्रश्न. भारतीय मानक ७८६१ हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्ण हवेतील काँक्रीटकामाचे नियम लावते, आणि जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा त्या रेषेच्या खाली क्वचितच राहतो. दुपारी धातूचे पॅनेल हात लावू देत नाही, म्हणून पॅनेलवर पाणी मारून सूर्य कलल्यावरच भरणी सुरू करावी. भिंतीचे पॅनेल दुसऱ्या दिवशी निघते आणि पातळ भिंत दोन्ही बाजूंनी तापल्या वाऱ्याला उघडी पडते. उभ्या भिंतीवर पाणी ठरत नाही. ओली पोती बांधणे किंवा ओलावा धरून ठेवणारे क्युरिंग कंपाउंड फवारणे, यांपैकी काहीतरी त्याच तासाला झाले नाही, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. मिश्रित सिमेंटसाठी किमान दहा दिवस ओलावा टिकवावा आणि शक्यतो तो चौदा दिवसांपर्यंत न्यावा, असे मानक ४५६ सांगते.

घर पूर्ण झाल्यावरचा उन्हाळा याहून कठीण आहे. काँक्रीटची उष्णतावाहकता १.५८ इतकी, तर एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेची) सुमारे ०.१८ धरली जाते, म्हणजे पश्चिमेची काँक्रीट भिंत दुपारची धग संध्याकाळी सरळ खोलीत आणून सोडते. निवासी इमारतीच्या बाह्य आवरणातून (छत वगळून) शिरणाऱ्या उष्णतेला इको-निवास संहिता २०१८ ने चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे, आणि सावलीशिवाय, उष्णतारोधक थराशिवाय ती पाळणे उघड्या काँक्रीट भिंतीला अवघड जाते. या संकुलात खोल छज्जे आणि पश्चिमेला जिने-बाथरूम घेतल्याने बराच दिलासा मिळाला.

भरणीनंतर बदल करता येत नाही, हे ग्राहकाला आधीच समजावून सांगावे लागते. कूलरची जागा, त्याच्या पाण्याची नळी, देवघराचा कोनाडा, विजेचे पाइप हे सारे भरणीआधी ठरवून, जागेवर बसवून घ्यावे. नंतर छिन्नी लावली तर सळई उघडी पडते.

पुरवठादाराबाबत माझी तक्रार आहे. हरवलेल्या पिना आणि वेज यांचे शेवटचे बिल आमच्या नोंदींशी जुळले नाही, आणि टाय (भिंतीच्या दोन्ही बाजूंचे पॅनेल एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्या) काढल्यावर भिंतीत उरणारी भोके बुजवण्याचे काम कोणाचे, हे करारात लिहिलेलेच नव्हते. बाहेरच्या भिंतीतील ही भोके न आकसणाऱ्या मसाल्याने नीट भरली नाहीत, तर पावसाळ्यात ओल तिथूनच आत येते. त्यामुळे सामान येताना आणि परत जाताना दोन्ही पक्षांच्या सह्यांनी मोजणी करावी, आणि भोकांची जबाबदारी दरपत्रकातच नोंदवून घ्यावी.

एकट्या बंगल्यासाठी हा खर्च परवडत नाही. तिथे भाड्याच्या लोखंडी प्लेटा आणि जॅकच योग्य ठरतात, पण ते आल्यावर प्रत्येक नळीचा सरळपणा आणि मळसूत्र तपासून घ्यावे. मूळ पिनेच्या जागी सळईचा तुकडा अडकवलेला जॅक मी उतरवूनच घेत नाही.