विमान कधीचे आहे, हे मी तिघांना सांगितले

बँकॉकमधला तो माझा शेवटचा दिवस होता. विमान रात्री उशिरा सुटणार होते, पाठपिशवी सकाळीच भरून हॉस्टेलच्या कोठीत ठेवली होती आणि परत यायची मला मुळीच इच्छा नव्हती. चियांग माई, सुखोथाई, अयुथ्या असा तीन आठवड्यांचा प्रवास मी एकटीने केला होता, रात्रीच्या रेल्वेगाड्या आणि सहाजणींच्या सामायिक खोल्या यांवर भागवून केला होता, आणि आता गिरगावातले घर, सोमवारची नोकरी आणि पुन्हा वर्षभर पैसे साठवणे एवढेच समोर दिसत होते. मनाची ही अवस्था सविस्तर सांगते आहे, कारण ज्यांनी मला फसवले त्यांनी नेमकी तीच हेरली.

तिथला राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. सनाम लुआंगचे मैदान ओलांडून मी त्याच्या पांढऱ्या तटाशी पोहोचले, तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. प्रवेशद्वार अजून बरेच पुढे होते. तिथेच इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांनी मला थांबवले. आपण महाविद्यालयात शिकवतो, असे त्यांनी सांगितले. आज आत धार्मिक विधी असल्यामुळे दुपारी दीडपर्यंत परदेशी पाहुण्यांना प्रवेश नाही, तोवर जवळची दोन मंदिरे पाहून घ्या, असे म्हणत त्यांनी माझ्याच नकाशावर पेनाने तीन खुणा केल्या. तिसरी खूण रत्नांच्या दुकानाची होती. सरकारने निर्यातवाढीसाठी ठेवलेली करमुक्त विक्री आज संपते आहे, असे ते जाता जाता बोलले, जणू त्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हते. मग त्यांनी एक टुकटुक थांबवली, तिन्ही ठिकाणांचे मिळून चाळीस बाथ ठरवून दिले आणि निरोप घेताना सहज विचारले, "विमान कधीचे आहे?"

चाळीस बाथ म्हणजे आपले शंभरेक रुपये. एवढ्या पैशांत दोन तास कोणी फिरवत नाही, हे मला तीन आठवड्यांच्या अनुभवानंतर कळायला हवे होते. असे चालक दुकानाकडून मिळणाऱ्या दलालीसाठी किंवा पेट्रोलच्या कूपनांसाठी गिऱ्हाईक नेऊन पोहोचवतात.

पहिले मंदिर अगदी लहान आणि शांत होते. सावलीत एक तरुण बसला होता. त्याने आपणहून बोलणे सुरू केले, माझ्या प्रवासाची चौकशी केली आणि शिक्षणाचा खर्च कसा भागवला हे सांगताना म्हणाला, की दरवर्षी याच विक्रीत तो नीलम घेतो आणि परदेशात दुपटीने विकतो. दुकानाचा विषय मी काढला नव्हता. तिथे मी निघाले आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे काही कारण मला दिसत नव्हते, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. एकमेकांशी संबंध नसलेली दोन माणसे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा आपण ती पडताळलेली समजतो, आणि या फसवणुकीची सगळी उभारणी एवढ्यावरच आहे. उठताना त्यानेही विचारले, "आज रात्री निघणार ना?"

दुकान थंडगार आणि स्वच्छ होते. मला पाण्याची बाटली दिली गेली, मखमली तबक समोर आले आणि एका नम्र बाईंनी निळा खडा काचेच्या तुकड्यावर ओढून दाखवला. काचेवर स्पष्ट ओरखडा उठला. खोट्या खड्याने काच कापली गेली नसती, असे त्या म्हणाल्या. मुंबईत झवेरी बाजार आहे, तिथे याचे निदान दुप्पट पैसे येतील, हेही त्यांनीच मला सांगितले, आणि त्या क्षणी मला पुढचा प्रवास दिसू लागला. लाओस आणि व्हिएतनाम या एका खड्यात होऊन जातील, असा हिशेब मी मनात मांडला. अठरा हजार बाथ, म्हणजे सुमारे पंचेचाळीस हजार रुपये, मी क्रेडिट कार्डाने भरले. पुडीवर लाखेची मोहर लावून, कस्टम्सच्या दृष्टीने घरी पोहोचेपर्यंत ती फोडू नका, अशी सूचना मिळाली. बिल करता करता बाईंनी विमानाची वेळ विचारली आणि ती मी तिसऱ्यांदा सांगितली. दीड वाजता राजवाड्यापाशी परतायचे होते, पण चालक मला हॉस्टेलच्या रस्त्यावर सोडून निघून गेला.

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न किमतीचा नव्हता. नीलम हे शनीचे रत्न, ते प्रत्येकाला लाभत नाही, ते न विचारता घरात कसे आणलेस, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मामा मला झवेरी बाजारात त्यांच्या एका स्नेह्यांकडे घेऊन गेले. हे काका चाळीस वर्षे खडे पारखत आहेत. मुंबादेवीच्या मागच्या बाजूला, अरुंद जिन्याच्या वर त्यांची छोटी पेढी आहे. त्यांनी मोहर फोडली, खडा चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिला आणि मग काचेच्या वाटीत पाणी घेऊन त्यात बुडवला. वाटीखाली पांढरा कागद होता. "आता तू बघ," म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. निळ्या रंगाचे फिके-गडद पट्टे मला दिसले, आणि ते सगळे वाकडे होते, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेषांसारखे. कडेला सुईच्या टोकाएवढे दोन बुडबुडे होते.

"पोरी, दगड काचेचा नाही," काका म्हणाले, "पण हा जमिनीतून निघालेला नाही, भट्टीतून निघालेला आहे. खाणीतल्या नीलमात रंगाचे पट्टे सरळ असतात, कोनात वळतात. असे गोल कधी जात नाहीत."

नीलम आणि माणिक ही कुरुंद या एकाच खनिजाची रूपे आहेत, आणि कुरुंद कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल आहे. ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी ज्योतीत वितळवून कृत्रिम कुरुंद बनवण्याची पद्धत फ्रेंच रसायनतज्ज्ञ वेर्नॉय यांनी १९०२ साली जाहीर केली. अशा खड्याचे रसायन आणि कठीणपणा अस्सल खड्यासारखाच असतो. काच त्यानेही कापली जाते. म्हणजे दुकानातली परीक्षा खरीच होती, फक्त ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो मला पडायला हवा असलेला प्रश्न नव्हता. खड्याचे शे-दोनशे रुपये येतील, असे काकांनी सांगितले आणि पारखण्याचे पैसे घेतले नाहीत.

बिल पुन्हा वाचले, तेव्हा त्यावर फक्त 'ब्लू सॅफायर' असे लिहिलेले आढळले. 'नॅचरल' हा शब्द कुठेही नव्हता. पैसे परत करण्याची हमी छापलेली होती, पण माल प्रत्यक्ष दुकानात आणून दिला तरच, आणि तेही तीस दिवसांत. जाऊन येण्याच्या तिकिटाचा खर्च धरला तर त्या हमीला काही अर्थ उरत नव्हता. बँकेने माझी हरकत नोंदवून घेतली आणि काही आठवड्यांनी फेटाळली: वस्तू मिळालेली आहे, सही तुमची आहे. विमानाची वेळ तिघांनी का विचारली, हे मला तेव्हा उमगले. दुसऱ्या दिवशी शहरात असणारा माणूस त्यांना नको असतो.

थायलंडमध्ये सरकारी रत्नविक्रीची दुकाने नाहीत, आणि तशी कोणतीही 'शेवटच्या दिवसाची' सरकारी विक्रीही नसते. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ असून तिथे इंग्रजीत बोलता येते. मोहर त्याच दुपारी फोडून मी त्यांच्याकडे गेले असते, तर निदान खडा, बिल आणि दुकान एकाच शहरात असते. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत खुला असतो. राजघराण्याच्या समारंभासाठी तो कधी बंद ठेवला, तर ते प्रवेशद्वारावर जाऊन विचारावे, वाटेत भेटलेल्या कोणाला नव्हे.

परवा प्रवासाची छायाचित्रे लावताना त्या सकाळचे एक हाती आले. मैदान ओलांडताना मी ते काढले होते, वेळ दहा वाजून अठरा मिनिटांची आहे. समोर पांढरा तट आणि मागे सोनेरी शिखरे आहेत. मोठे करून पाहिले, तर उजव्या कोपऱ्यात प्रवेशद्वार दिसते, आणि त्यातून छत्र्या घेतलेल्या परदेशी पर्यटकांची रांग आत जात आहे.