तिताची भिशी

आमच्या मिरजेच्या गल्लीत भिशी बुडाली की बायका भिशी चालवणारीच्या दारात जाऊन बसायच्या. लहानपणी मी हे दोनदा पाहिलंय. एकीने तर चौथ्या दिवशी हातातल्या पाटल्या काढून दिल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये माझी भिशी बुडाली तेव्हा मीही दारापर्यंत गेले. घरमालक जिन्यात उभा होता. म्हणाला, ती बाई गेली, सोफा तेवढा ठेवून गेली, हवा असेल तर न्या.

माझे ७,००० डॉलर गेले. ज्या बाईकडे गेले तिला आम्ही सगळे ‘तिता’ म्हणायचो, म्हणजे मावशी-काकू. इथे तिचं नाव देत नाही.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला नर्स आहे. आमच्या मजल्यावर निम्म्याहून जास्त नर्स फिलिपिनो. त्यांच्यात वयाने मोठ्या बाईला ‘आते’ म्हणतात, मोठ्या पुरुषाला ‘कुया’. आते म्हणजे ताई, पण माझ्या कानाला ते आत्याच ऐकू येतं, आणि माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी आते तशीच आहे, खाऊ घालणारी आणि रागावणारी. ती फिलिपिन्समधल्या इलोइलोची. मला ती ‘इंदाय’ म्हणते. त्यांच्या भागात धाकट्या बहिणीला लाडाने तसं म्हणतात. तिचा ‘सिनिगांग’ म्हणजे आपल्या चिंचेच्या साराची लांबची बहीण, फक्त आत डुकराचं मटण. मी भाज्या आणि रस घेते, मटण ती खाते. ती वुडसाइडला राहते, सात नंबरच्या लोकलच्या पुलाखाली, आणि मी जॅक्सन हाइट्सला. मधे एकच स्टेशन. तिच्याकडे गरम पानदेसाल पाव, माझ्याकडे चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर कोथिंबीर आणि कढीपत्ता.

आतेची अमेरिकेबद्दलची मतं ठाम आहेत. रात्री तीन वाजता चार्ट भरताना ती सांगते आणि मी ऐकते. ‘या आजोबांना चार मुलं आहेत इंदाय, पण कूस बदलायला मी आहे. माझ्या आईची कूस तिकडे पैसे घेऊन दुसरीच कुणी बदलते. मग माझी आई नेमकी कुणी सांभाळली?’ पगार झाला की त्याच दिवशी ती घरी ‘पादाला’, म्हणजे पैसे, पाठवते, स्वतःचं भाडं नंतर. भावंडांना वाटतं, अमेरिकेत डॉलर झाडाला लागतात. ती त्यांचा गैरसमज दूर करत नाही, कारण दूर केला तर त्यांना काळजी लागेल.

बँकेवर मात्र तिचा राग. ती २०१५ साली एजंटामार्फत करार करून आली. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर हजारो डॉलर दंड, असं त्यात लिहिलेलं. जो पगार सांगितला होता त्याहून कमी हातात पडला, पण दंडाच्या भीतीने ती गप्प राहिली. पुढे २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात फिलिपिनो नर्सच्या करारातला २५,००० डॉलरचा असाच दंड बेकायदा ठरवला. तोवर हिची तीन वर्षं भरली होती. त्या काळात नवीन म्हणून बँकेने तिला साधं क्रेडिट कार्डही दिलं नव्हतं. ‘बँक स्कोअर बघते, तिता तोंड बघते,’ असं ती म्हणायची.

तिता तोंड बघायची हे खरं होतं. ती कशासाठी बघायची, ते आम्हाला उशिरा कळलं.

त्यांच्यात भिशीला ‘पलुवागान’ म्हणतात. हप्ता म्हणजे ‘हुलोग’, आणि आपला नंबर लागून रक्कम मिळाली की ‘साहोद’, म्हणजे पगारच. आमच्याकडे पगार दर पंधरवड्याला शुक्रवारी होतो, म्हणून हप्ताही तेव्हाच. २०२२ मध्ये आमच्याबरोबरच काम करणाऱ्या तिताने दहा जणांची छोटी भिशी लावली, २०० डॉलरची. माझा सातवा नंबर होता. ठरलेल्या शुक्रवारी, ठरलेल्या वेळी, २,००० डॉलर माझ्या हातात आले, तेही रोख, पांढऱ्या पाकिटात. वर पान्सितचा, म्हणजे त्यांच्या नूडल्सचा, डबा. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, माणसं सगळीकडे सारखीच असतात. या वाक्याची तो अजून आठवण करून देतो.

मग आली मोठी भिशी. वीस नंबर, ५०० डॉलर, म्हणजे उचल १०,०००. पहिला हप्ता ६ जानेवारी २०२३. चालवणारीचा पहिला नंबर, हे आपल्याकडेही असतंच. नवीन गोष्ट एकच होती. तेरापासून पुढचे नंबर जो घेईल त्याला ६०० डॉलर जास्त. मी विचारलं, हे कुठून येणार? तिता म्हणाली, ज्यांना घाई आहे ते आधीचा नंबर घेऊन थोडी रक्कम सोडतात, तीच मागच्यांना देते. मला ते पटलं, कारण आपल्या लिलाव भिशीत हेच चालतं. फरक माझ्या डोक्यात आला नाही. लिलावात कोण किती सोडतंय ते सगळ्यांसमोर बोललं जातं. इथे ते एकट्या तिताला माहीत होतं. बाकी आम्ही मेसेंजरच्या ग्रुपवर होतो आणि नंबर दोनला पैसे मिळाल्याचा स्क्रीनशॉट आला की अंगठे आणि हृदयं टाकत होतो.

मी सतरावा नंबर घेतला. मिरजेच्या घरावर स्लॅब टाकायचा होता, ऑक्टोबरपर्यंत घाई नव्हती. आतेने चौदावा घेतला. तिच्या भाच्याला जहाजावरच्या नोकरीसाठी ट्रेनिंग करायचं होतं. इलोइलोत घरटी एखादा मुलगा बोटीवर असतो म्हणतात.

यावेळी पैसे रोख नव्हते. ‘झेल’वरून, म्हणजे फोनवरून थेट बँकेतून बँकेत, पाठवा, म्हणजे हिशोब राहतो, असं तिता म्हणाली. मलाही ते बरं वाटलं. झेलवरून गेलेला पैसा मिनिटात पोचतो आणि मिनिटातच परक्याचा होतो. आपण स्वतः बटण दाबलं असेल तर बँक त्याला चोरी मानत नाही. नंतर मी फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी फार गोड बोलली आणि एवढंच सांगून तिने फोन ठेवला.

७ जुलैला चौदावी भिशी होती, आतेची. तिताचा मेसेज आला की बँकेने मोठी रक्कम अडवून ठेवली आहे, दहा दिवस लागतील. मग तिची बहीण आजारी पडली. मग एक रडवेला व्हॉइस मेसेज आला. २१ तारखेला पंधरावा हप्ता मात्र वेळेवर मागितला गेला. एका कुयाने ग्रुपवर लिहिलं, ‘आधी आतेचे द्या.’ थोड्या वेळात तो मेसेजही नव्हता आणि कुयाही ग्रुपमध्ये नव्हता. त्यामुळे तो हप्ता आम्ही कुणीच भरला नाही.

एवढं होऊनही आम्ही तिच्या घरी गेलो नाही. मी आतेला म्हणत होते, चल, आज जाऊ. ती म्हणायची, ‘हिया’. हिया म्हणजे लाज, पण आपली स्वतःचीच नाही. समोरच्याला लाज आणणं हीसुद्धा आपलीच लाज. तिच्या पहिल्या हिवाळ्यात तिताने तिला जाड कोट दिला होता, भाडं नव्हतं तेव्हा दोन महिने सोफ्यावर झोपू दिलं होतं. तोच सोफा, जो घरमालक मला देत होता. अशा बाईच्या दारात जाऊन पैसे मागायचे? आणि मी? मी मिरजेची, दारात बसणाऱ्या बायका बघत वाढलेली. पण मला वाटलं, हा त्यांच्या लोकांतला मामला, मी बाहेरची, मी कशी आधी ओरडू. ऑगस्टच्या मध्यापर्यंत आमचं हे सौजन्य चाललं. तेवढ्यात तिता नेवाडातल्या लास व्हेगसला पोचली.

मग एका रविवारी वुडसाइडच्या जॉलिबीत, म्हणजे फिलिपिनो फास्टफूडच्या दुकानात, आम्ही सगळे बसलो आणि आतेने वहीत वीस नंबर लिहिले. प्रत्येकाने सांगायचं, यातलं कोण आपण डोळ्यांनी पाहिलंय. हा खेळ जानेवारीत खेळायला पाच मिनिटं लागली असती. तिता सोडून बारा माणसं निघाली. उरलेले सात, म्हणजे नेवाडातली चुलतबहीण, न्यू जर्सीची नर्स, कुठल्याशा चर्चमधली मैत्रीण, हे कुणीच कधी पाहिले नव्हते. त्यांचे नंबर दोन, तीन, पाच, सहा, आठ, नऊ, अकरा. सगळे पुढचे.

हिशोब तिथेच टिश्यूवर झाला. बारा खऱ्या माणसांनी चौदा हप्ते भरले, म्हणजे ८४,००० डॉलर. चौथ्या, सातव्या, दहाव्या, बाराव्या आणि तेराव्या नंबरला मिळून ५०,६०० वाटले गेले. तिताकडे राहिले ३३,४००. आणि चौदा ते वीस अशा आम्हा सात जणांचे गेले ४९,०००. बेरीज जुळत नाही असं वाटून मी दोनदा केली. मग कळलं, मधला फरक ज्यांना भिशी लागली त्या पाच जणांकडे आहे. त्यांनी सात हजार भरून दहा हजार उचलले होते. यात त्यांचा दोष काय? काहीच नाही. पण टेबलावर एकदम शांतता पसरली. एक बाई म्हणाली, मी तिताला दिले, तिताने मला दिले, तुमचं तुम्ही बघा. ती उठून गेली आणि मला तिचा राग आला. अजूनही येतो, जरी कायद्याने तिचंच बरोबर असलं तरी. दहावा नंबर असलेला कुया, तोच ग्रुपमधून काढलेला, पुढच्या पगाराला ३,००० डॉलर घेऊन आला. आम्ही सात जणांत ४२८ प्रमाणे वाटून घेतले. उरलेल्या ४ डॉलरचे फ्राइज.

विसाव्या नंबरची बाई त्यातल्या ४२८लाही घाबरत होती. ती एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी राहून त्यांना सांभाळते. व्हिसा संपून वर्षं झालीत. अशा माणसाला त्यांच्यात ‘टीएनटी’ म्हणतात, तागो नांग तागो, लपत लपत जगणारा. तिताने तिला फोन करून सांगितलं होतं, कोर्टात गेलात तर कागद मागतील, तुला परत पाठवतील. सातांमधल्या तिघी अशाच निघाल्या. हा योगायोग नव्हता. आतेला करारातल्या दंडाने आयुष्यभराची कोर्टाची धास्ती बसलेली, मी बाहेरची, आणि या तिघी लपलेल्या. कोण ओरडणार नाही हे तिताने तोंडं बघून बरोबर ओळखलं होतं, आणि मागचे नंबर त्यांनाच दिले होते.

खरं म्हणजे न्यूयॉर्क शहरात १०,००० डॉलरपर्यंतच्या दाव्यांसाठी छोटं कोर्ट आहे, स्मॉल क्लेम्स. संध्याकाळी भरतं, वकील लागत नाही, १,००० डॉलरच्या वरच्या दाव्याला फी २० डॉलर, दुभाषी फुकट. दावा लावायला तुमचा व्हिसा कोणता आहे हे तिथे विचारत नाहीत. पण ज्याच्यावर दावा करायचा तो शहरात राहणारा किंवा शहरात कामधंदा करणारा पाहिजे. आम्ही सप्टेंबरमध्ये क्वीन्समधल्याच जमैका भागातल्या कोर्टाच्या खिडकीशी पोचलो, तेव्हा आमच्याकडे स्क्रीनशॉट होते, आतेची वही होती, २० डॉलरही होते. तिताचा क्वीन्समधला पत्ता तेवढा जुना झाला होता. जुलैतच गेलो असतो तर ती इथेच होती, कामावर रोज येत होती, माझ्याच मजल्यावर औषधांची ट्रॉली ढकलत होती.

पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा आपसातला व्यवहार आहे. फुकट सल्ला देणाऱ्या एका वकिलाने सांगितलं की नेवाडात दावा करता येईल, पण तिकडे जाणं-येणं आलं, आणि तिच्या नावावर काही असलं तर वसुली. आम्ही अजून ठरवतोय. ठरवतोय म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंच.

कुणी मराठी माणूस इथे ऑफिसातल्या, देवळातल्या किंवा ढोलपथकातल्या भिशीत शिरत असेल तर मला फोन करून विचारतो, घ्यावी का. मी नको म्हणत नाही. मी विचारते, सगळे एका खोलीत बसलात का? नंबरांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर निघाल्या का? ज्याला भिशी लागली त्याच्याशी तू स्वतः बोललीस का, की नुसता स्क्रीनशॉट पाहिलास? यावर बहुतेक जण म्हणतात, अहो, ते काका फार चांगले आहेत.

डिसेंबरात, ख्रिसमसच्या दोन दिवस आधी, आतेच्या फोनवर झेलचा आवाज आला. तिताकडून ५० डॉलर. खाली लिहिलं होतं, ‘गॉड ब्लेस’. मार्चमध्ये पुन्हा ५०, पुन्हा गॉड ब्लेस. वकील म्हणाला, घ्या, नाकारू नका, उधारी कबूल केल्याचा पुरावा आहे तो. आते प्रत्येक वेळी वहीत तारीख घालते, रक्कम लिहिते आणि पुढे बाकी मांडते. मी तिला म्हटलं, या गतीने कधी फिटणार गं? तिने पेन खाली ठेवलं, बोटांवर थोडा वेळ मोजलं आणि म्हणाली, ‘इंदाय, तिताने तो कोट परत मागितला नाही, हे एक बरं.’