वेजरिंगचा हिशेब: ऑनलाइन कॅसिनोचे बोनस काही महिने वापरल्यानंतर

वेगवेगळे बोनस काही महिने वापरून झाल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा, मग तो १०० टक्के असो की २०० टक्के, निर्णयासाठी जवळपास निरुपयोगी आहे. बोनस घ्यायचा की सोडायचा हे तीन आकडे ठरवतात: वेजरिंगचा (पैसे काढण्याआधी ठरावीक रकमेचे डाव लावण्याच्या अटीचा) पट किती, तो पट कोणत्या रकमेवर लागतो आणि ज्या गेमवर तो पुरा करायचा आहे त्याचा हाउस एज, म्हणजे लावलेल्या रकमेतला कॅसिनोचा सरासरी वाटा, किती. पहिले दोन अटी-शर्तींच्या पानावर मिळतात, तिसरा गेमच्या माहितीत. पैसे भरण्याआधी ही तीन ठिकाणं पाहायला पाच मिनिटं लागतात आणि बहुतेक बोनस तिथेच बाद होतात.

आधी साधं गणित. समजा १०० भरले आणि १०० टक्के बोनस म्हणून आणखी १०० मिळाले. अट ३५ पट. पट फक्त बोनसवर असेल तर ३५०० चे डाव लावायचे. तोच पट डिपॉझिट आणि बोनस या दोन्हींच्या बेरजेवर असेल तर ७०००. बॅनरवर दोन्हीकडे '३५ पट' एवढंच दिसतं, फरक अटींमधल्या एका वाक्यात असतो. म्हणूनच बेरजेवरचा २० पट हा बोनसवरच्या ३५ पटापेक्षा महाग पडतो: २०० गुणिले २० म्हणजे ४०००. नुसता पट पाहून दोन साइट्सची तुलना करणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते.

३५०० चे डाव म्हणजे ३५०० खिशातून घालायचे असं नाही. तेच पैसे फिरत राहतात, जिंकलेलं पुन्हा लागतं. पण प्रत्येक फेरीत हाउस एज आपला वाटा काढून घेतो. स्लॉटचा (फिरत्या चित्रांच्या गेमचा) आरटीपी, म्हणजे लावलेल्या रकमेपैकी सरासरीने परत येणारा भाग, ९६ टक्के असेल तर हाउस एज ४ टक्के, आणि ३५०० वर ४ टक्के म्हणजे १४०. मिळालेला बोनस १००, तो मोकळा करण्याचा सरासरी खर्च १४०. म्हणजे सरासरीने २०० पैकी ६० उरतात आणि त्यात तुमचे स्वतःचे १०० होते. बेरजेवर ३५ पट असेल तर हाच खर्च कागदावर २८० होतो, जो खात्यातल्या एकूण रकमेपेक्षाच जास्त आहे.

यावरून लक्षात ठेवण्याजोगा नियम निघतो: १०० ला हाउस एजच्या टक्क्याने भागा, येईल तो पट म्हणजे बरोबरीची रेषा. ४ टक्क्यांना २५ पट, ३ टक्क्यांना साधारण ३३, ६ टक्क्यांना साधारण १६.७. बोनसवरचा पट या रेषेच्या वर गेला की सरासरीने बोनसमध्ये काही उरत नाही.

सरासरी हा शब्द मात्र जपून वापरायला हवा, कारण प्रत्यक्षात कोणाच्याच खात्यात नेमके ६० उरत नाहीत. बऱ्याच वेळा वेजरिंग अर्धवट असतानाच शिल्लक शून्यावर येते. मोजक्या वेळा एखादी मोठी जीत लागते आणि ३५०० पूर्ण होऊनही चांगली रक्कम हातात राहते. पैसे मध्येच संपले की पुढचे डाव लागतच नाहीत, त्यामुळे खरा सरासरी तोटा १४० पेक्षा काहीसा कमी भरतो. डाव लहान ठेवला, समजा ०.२०, तर वेजरिंग पूर्ण होण्याची शक्यता वाढते, पण शेवटची रक्कम त्या सरासरीच्या आसपास घुटमळते. डाव मोठा ठेवला तर बुडण्याची शक्यता वाढते आणि तरलात तर जास्त घेऊन बाहेर पडता. कॅसिनोला हे पुरतं ठाऊक असतं. म्हणूनच कमाल डावाचा नियम असतो.

वेळेचाही हिशेब करा. १ च्या डावाने ३५०० म्हणजे ३५०० स्पिन, म्हणजे स्लॉटच्या तेवढ्या फेऱ्या. एका स्पिनला सहा सेकंद धरले तरी जवळपास सहा तास. डाव ०.२० चा असेल तर १७,५०० स्पिन, म्हणजे एकोणतीस तासांवर. आणि मुदत सात दिवसांची असली तर रोज चार तास. मुदत उलटली की उरलेला बोनस आणि त्यावरची जिंकलेली रक्कम दोन्ही जातात. तीस दिवसांची मुदत ठीक, सात दिवसांची फक्त कमी पटाला परवडते, त्याखालच्या मुदतीच्या वाटेला जाऊ नये.

आता गेमच्या टक्क्यांकडे. स्लॉटवरचा डाव वेजरिंगमध्ये साधारणपणे १०० टक्के मोजला जातो, रुलेटचा १० किंवा २०, ब्लॅकजॅकचा १० किंवा ५, लाइव्ह टेबलचा (जिथे समोर खरा डीलर असतो) अनेकदा शून्य. ब्लॅकजॅकमध्ये बेसिक स्ट्रॅटेजीने, म्हणजे हातातल्या पत्त्यांनुसार ठरलेल्या सर्वोत्तम चालीने, खेळलं तर हाउस एज अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, म्हणून अनेकांना वाटतं की वेजरिंग तिथे पुरं करावं. पण १० टक्के मोजणी असेल तर ३५०० साठी ३५,००० चे डाव लागतात आणि त्याच्या अर्धा टक्का म्हणजे १७५. स्लॉटच्या १४० पेक्षा जास्तच. एका शून्याच्या रुलेटमध्ये हाउस एज २.७ टक्के, म्हणजे १० टक्के मोजणीने ९४५. रुलेटवर वेजरिंग फेडण्यात काहीही अर्थ नाही.

स्लॉटमध्येही सगळं सरसकट नसतं. वगळलेल्या गेमची एक लांबलचक यादी असते आणि जास्त आरटीपीचे गेम हमखास तिच्यात सापडतात. काही साइट्स असे गेम बोनस चालू असताना उघडूच देत नाहीत, ते उत्तम. काही उघडू देतात, डावही घेतात, आणि पैसे काढायच्या वेळी यादीवर बोट ठेवतात. दुसरी गोष्ट याहून जास्त नजरेआड राहते: स्लॉट बनवणारी कंपनी एकच गेम कॅसिनोला वेगवेगळ्या आरटीपीत देते, ९६, ९४, ९२ अशा टक्क्यांत. चित्रं तीच, आवाज तोच, नाव तेच. गेमच्या आतल्या माहितीच्या पानावर, नियमांच्या तळाशी, खरा आकडा लिहिलेला असतो. ९६ ऐवजी ९४ असला तर आपल्या उदाहरणातला खर्च १४० वरून २१० वर जातो. इंटरनेटवर शोधलेला आकडा इथे कामाचा नाही, ज्या साइटवर खेळताय तिथलाच पाहा.

कमाल डावाच्या नियमाकडे परत येतो, कारण जिंकलेली रक्कम रद्द होण्याच्या कारणांत हे पुन्हा पुन्हा समोर येतं. बोनस चालू असताना एका स्पिनला ५ पेक्षा जास्त लावायचं नाही, अशी अट सर्रास असते. मुद्दाम कोणी ती मोडत नाही, ती नकळत मोडते. गेममधली बोनस राउंड नावाची खास फेरी विकत घेण्याचं बटण दाबलं की ०.२० च्या डावालाही १०० पट लागून २० चा डाव नोंदला जातो. जिंकलेली रक्कम दुप्पट करण्याचा पर्यायही काही अटींमध्ये वेगळा डाव धरला जातो. एक गेम बंद करून दुसरा उघडला की तिथला डाव त्या गेमच्या मूळ आकड्यावर असतो, तुमच्या आकड्यावर नाही. आणि खात्याचं चलन वेगळं असेल तर मर्यादेचं रूपांतर कसं केलंय ते अटींमध्येच पाहावं लागतं. मर्यादेवरचा डाव सॉफ्टवेअरनेच अडवला पाहिजे, हे माझं स्पष्ट मत आहे. तंत्र उपलब्ध असताना डाव घ्यायचा, हरला तर ठेवून घ्यायचा आणि जिंकला तर नियम दाखवायचा, ही वागणूक ज्या साइटवर दिसेल ती सोडून द्यावी.

सगळ्यात महत्त्वाचा फरक मात्र बोनसच्या जातीचा आहे. एका प्रकारात तुमचे पैसे आणि बोनस पहिल्या क्षणापासून एकाच पिशवीत पडतात. पहिल्याच स्पिनला ५०० जिंकलात तरी वेजरिंग संपेपर्यंत काही काढता येत नाही. याचाच एक भाऊ म्हणजे स्टिकी बोनस, जिथे वेजरिंग पूर्ण केल्यावरही बोनसची मूळ रक्कम पैसे काढताना वजा होते, हातात फक्त वरची जीत येते. याउलट नॉन-स्टिकी बोनसमध्ये आधी तुमचे खरे पैसे लागतात, बोनस बाजूला थांबलेला असतो. खऱ्या पैशांवर चांगली जीत झाली तर बोनस रद्द करून सगळं काढून घेता येतं. खरे पैसे संपले तरच बोनस सुरू होतो. पट तोच असला तरी ही रचना खेळणाऱ्याच्या बाजूची आहे आणि मला फक्त हीच विचारात घेण्यासारखी वाटते.

नॉन-स्टिकी आहे याची खात्री खात्याच्या पानावरून होते: खरी शिल्लक आणि बोनस शिल्लक वेगवेगळ्या ओळीत दिसतात, आणि एका स्पिननंतर कमी झालेला आकडा खऱ्या शिलकीतला असतो. पैसे काढण्याआधी 'बोनस रद्द करा' दाबलं की एक चौकट येते, तिच्यात किती रक्कम जाणार ते लिहिलेलं असतं. तिथे फक्त बोनसची रक्कम दिसली पाहिजे. 'बोनस आणि त्यातून मिळालेली सर्व जीत' असं असेल तर थांबा, खरी शिल्लक पुन्हा तपासा, मगच होकार द्या. आणखी एक खाच: काही ठिकाणी खऱ्या पैशांनी लावलेले डाव वेजरिंगमध्ये धरतच नाहीत, मोजणी बोनस सुरू झाल्यावर शून्यापासून होते.

फ्री स्पिन, म्हणजे कॅसिनोने फुकट दिलेल्या स्लॉटच्या फेऱ्या, याबद्दल थोडक्यात. ५० स्पिन म्हटलं की भरघोस वाटतं, पण एका स्पिनची किंमत ०.१० असेल तर सगळे मिळून ५. त्यातून सरासरी ४.८० जिंकाल, त्यावर ३५ पट म्हणजे १६८ चे डाव, खर्च ६.७२. वेजरिंग नसलेले १० स्पिन याहून चांगले. डिपॉझिटशिवाय मिळणाऱ्या बोनसवर तर काढण्याची कमाल मर्यादाही असते, म्हणजे ९०० जिंकलात तरी समजा ५० च मिळणार.

कागदपत्रांची पडताळणी, म्हणजे केवायसी, पैसे भरण्याआधीच करून घ्या. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि पैसे भरण्याच्या साधनाचा पुरावा हे तीन लागतात. जीत झाल्यावर कागदपत्रं पाठवली की दिवस जातात, आणि 'प्रलंबित' अवस्थेतले पैसे परत खेळात घेण्याचं बटण तेवढा वेळ समोर चमकत असतं. ब्रिटनमध्ये हे बटण २०२१ पासून बंद आहे. तिथेच १९ जानेवारी २०२६ पासून वेजरिंगवर १० पटाची मर्यादा आली. आपल्या उदाहरणात १० पट म्हणजे १००० चे डाव आणि ४० खर्च, म्हणजे १०० च्या बोनसमध्ये सरासरीने खरोखर ६० उरतात. स्वीडनने २०१९ पासून लागू झालेल्या कायद्यात बोनस फक्त पहिल्यांदा खेळताना देण्याची मुभा ठेवली. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवायलाच बंदी घातली आहे. तिथल्या लोकांना बोनस दाखवणारी साइट परवान्याबाहेरची, आणि अडकलेल्या रकमेसाठी दाद मागायची जागा नाही.

ई-वॉलेटने पैसे भरणार असाल तर वगळलेल्या साधनांची ओळ वाचा. स्क्रिल आणि नेटेलरने भरलेल्या रकमेवर वेलकम बोनस न देणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत. एकाच घरात, एकाच आयपीवर दोन खाती असतील तर दोन्हींचा बोनस जाऊ शकतो. रुलेटमध्ये लाल आणि काळा दोन्हींवर सारखा डाव लावून वेजरिंग फेडणं 'अनियमित खेळ' या कलमात बसतं. आणि डिपॉझिटच्या पानावर बोनसची खूण आधीच केलेली असते का, ते दर वेळी पाहा. नको असेल तर पैसे भरण्यापूर्वीच काढा, कारण नंतर रद्द करताना भरलेली रक्कमही अडकते, असे प्रकार आहेत. शंका असेल तर लाइव्ह चॅटवर नेमका प्रश्न विचारा, 'पट बोनसवर की बेरजेवर?', आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. अटींच्या पानाचाही ठेवा, तारखेसह.

उरला कॅशबॅक. निव्वळ तोट्याच्या १० टक्के, रोख आणि वेजरिंगशिवाय असेल, तर ४ टक्क्यांचा हाउस एज साधारण ३.६ वर येतो. फायदा छोटा, पण खरा, आणि त्यासाठी कोणताही नियम सांभाळावा लागत नाही. तोच कॅशबॅक बोनस म्हणून ३० पटाने आला, तर १० साठी ३०० चे डाव आणि १२ चा खर्च. असा कॅशबॅक न स्वीकारता तसाच संपू द्यावा.