उजवा हात गेलेल्या आबांना उजव्या हाताचा माउस विकला

अमळनेर तालुक्यात कापसाचे पैसे हातात आले की दारावर येणारे विक्रेतेही वाढतात. पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेल्या एका आबांच्या घरी असाच एक जण 'अपंगांसाठी खास कॉम्प्युटर किट' घेऊन आला. त्यात लॅपटॉप, 'बोलून चालणारं सॉफ्टवेअर', 'डोळ्यांनी चालणारा माउस' आणि एक गोळीचा माउस, म्हणजे ट्रॅकबॉल. 68,000 रुपये रोख घेतले आणि पावती वहीच्या कागदावर दिली. वर 'निम्मे पैसे सरकारी अनुदानातून परत येतील' असा शब्दही दिला.

बोलून चालणारं सॉफ्टवेअर म्हणजे विंडोज 11 मध्येच असलेलं व्हॉइस अ‍ॅक्सेस. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे स्पीच, आणि एक बटण सुरू करायचं. त्याला वेगळा पैसा पडत नाही. विक्रेत्याने स्वतः इंग्रजीत हुकूम सोडले, खिडक्या पटापट उघडल्या, घरचे खूश झाले. आबांना कुणी बोलायला लावलंच नाही. उजवी बाजू लुळी पडते तेव्हा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आलेला असतो, आणि बहुतेकांचं बोलण्याचं केंद्रही डावीकडेच असतं. म्हणून अशा माणसाची जीभ अनेकदा जड झालेली असते, शब्द सापडत नाहीत. त्यात घरची बोली अहिराणी. मोबाइलवर मराठी बोलून टाइप होतं खरं, पण 'मना फोन कोठे शे' म्हटलं की तो भलतंच काहीतरी लिहितो. ज्याला वापरायचंय त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोलीत दहा वाक्यं बोलवून बघा, त्याआधी पाकिटाला हात लावू नका.

डोळ्यांचा माउस निघाला साधा वेबकॅम आणि फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम. तो डोळ्यांवर नाही, मान हलली की चालतो. ओळखायला सोपं आहे: मान अजिबात न हलवता फक्त नजर फिरवा. बाण जागेवरच राहिला, तर तो आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं यंत्र, नव्हे. खऱ्या आय ट्रॅकरमध्ये बहुधा इन्फ्रारेड दिवे आणि कॅमेरे असतात.

सगळ्यात वाईट वाटतं ते ट्रॅकबॉलचं. खरं तर ही वस्तू आबांच्या फार कामाची: माउस जागेवर राहतो, फक्त गोळी फिरवायची, दंड हलवावा लागत नाही. पण त्याने दिलेल्या मॉडेलची गोळी अंगठ्याने फिरवायची, आणि त्याचा आकार उजव्या पंजाचा. डावा हात ठेवला की अंगठा नेमका गोळीच्या उलट्या बाजूला पडतो. डाव्या हाताला दोन्ही बाजू सारख्या असलेला, मधोमध मोठी गोळी असलेला ट्रॅकबॉल लागतो. खोक्यावरचं चित्र पाहून हे कळत नाही. वस्तू टेबलावर ठेवून, रुग्ण रोज बसतो त्याच खुर्चीत बसवून, किमान 20 मिनिटं वापरून बघायची. पाच मिनिटांत जमतं आणि पंधराव्या मिनिटाला हात थकतो, असं फार होतं.

एका हाताने टाइप करणाऱ्यासाठी शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू करायचं विचारतं. मग कंट्रोल, आल्ट एकापाठोपाठ एक दाबले तरी चालतात. विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबलं की पडद्यावर कीबोर्ड येतो. दोन्ही फुकट.

लॅपटॉप 'नवा' म्हणून दिला होता, चार्ज पाऊण तास टिकायचा. लोडशेडिंगच्या गावात हे पहिल्याच दिवशी कळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीत, powercfg /batteryreport असं टाइप केलं की एक रिपोर्ट फाइल तयार होते. ती उघडली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची निम्म्यावर आली असेल तर यंत्र जुनं आहे.

अनुदानाच्या नावाखाली कुणी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राचा, फोटो आणि ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. हे कार्ड काढायलाही सरकार फी घेत नाही. बिलावर 15 अक्षरी जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव दिसतं.

पैसे गेले असतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि ओटीपीवरून खात्यातून गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेता परगावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात चालते, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीला तो वहीचा कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, लॅपटॉपखालच्या सिरियल नंबरचा फोटो आणि आबांचा डावा हात त्या ट्रॅकबॉलवर ठेवलेला एक फोटो जोडा.