धातूंच्या विषबाधेसाठी लघवीची तपासणी: एकदाच नमुना की २४ तासांचा?

आर्सेनिक, कॅडमियम किंवा पारा शरीरात गेल्याचा संशय असेल तर लघवी दोन प्रकारे तपासता येते.

२४ तासांच्या पद्धतीत सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचा (तीही धरून) प्रत्येक थेंब प्रयोगशाळेने दिलेल्या, धातूचा अंश नसलेल्या डब्यात साठवायचा. दिवसभरात धातू नेमका किती बाहेर पडला हे यातून कळतं. पण कामावर डबा घेऊन फिरणार कोण? एखादी वेळ चुकली की आकडा खोटा पडतो.

एकदाच दिलेल्या नमुन्यात ही कटकट नाही. पाणी कमी-जास्त प्यायल्याने लघवी दाट किंवा पातळ होते, म्हणून धातूचं प्रमाण क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून तयार होऊन लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या पदार्थाच्या) प्रत्येक ग्रॅममागे मोजतात. मात्र स्नायू कमी असलेल्या वृद्धांमध्ये क्रिएटिनिनच कमी असतं, त्यामुळे आकडा फुगलेला दिसू शकतो. कारखान्यातल्या कामगारांच्या नियमित तपासणीला माझ्या मते हीच पद्धत बरी. निकाल शंकास्पद आला तरच २४ तासांचा खटाटोप करावा.

दोन्हींत मासे घोळ घालतात: त्यांतलं बहुतांशी निरुपद्रवी आर्सेनिकही एकूण आकड्यात धरलं जातं. त्यामुळे आधीचे काही दिवस समुद्री अन्न टाळावं. आणि शिशासाठी यातली कुठलीच नको, तिथे रक्त तपासावं. धातू ओढून काढणारं औषध देऊन मग लघवी तपासणारे भेटले, तर सरळ नकार द्यावा. औषधाने आकडा वाढतोच.